देवाभाऊ, आधी हुकूमनाम्याचे पैसे द्या!

प्रति,
मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री तथा मंत्री, विधी व न्याय,
महाराष्ट्र राज्य.

विषय : सरकारी कार्यालयांतील खुर्च्या, टेबले, पंखे व जीपगाड्या जप्तीपासून वाचवण्याबाबत.

संदर्भ : १) भारताचे संविधान, अनुच्छेद २०२, खंड (३), उपखंड (ङ).
२) आपले पुस्तक ‘अर्थसंकल्प – सोप्या भाषेत’ (२०२०).
३) आमची शिल्लक राहिलेली आशा.

देवाभाऊ,

जाहिरातींच्या फलकांवर हल्ली हेच नाव झळकतं, म्हणून मीही तेच वापरलं. राग नसावा.

हे पत्र मी वरठीहून लिहितो आहे. मोहाडी तालुक्यातलं हे गाव रेल्वेनं जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांखालून गेलेलं असतं. हावडा-मुंबई मार्गावरचं भंडारा रोड स्टेशन ते आमचंच. शेजारी सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि पलीकडे वैनगंगा. माझी नोकरी दिवाणी न्यायालयात, नाझराच्या कचेरीत झाली. तुम्ही नागपुरात कायदा शिकलात, तेव्हा नाझर म्हणजे कोण हे तुम्हाला सांगायला नको. वाचकांसाठी सांगतो. न्यायाधीश निकाल देतात, वकील फी घेतात आणि निकालातले पैसे प्रत्यक्ष वसूल करायला जो बेलिफ पाठवावा लागतो, तो नाझराच्या हाताखाली असतो. म्हणजे आम्ही न्यायदेवतेचे पाय. सर्वोच्च न्यायालयातल्या तिच्या नव्या पुतळ्याच्या डोळ्यांवर पट्टी नाही हे २०२४ मध्ये समोर आलं, त्यावर लेख आले, चर्चा झाल्या. पायांत काय रुतलंय, ते कुणी पाहिलं नाही. ते सांगायला हे पत्र.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याचं वर्तमानपत्र चाळा. अधूनमधून एक बातमी ठरलेली असते : वाढीव मोबदला न दिल्यानं अमुक कार्यालयातल्या खुर्च्या जप्त. सोबत फोटो. फोटोत टेम्पो, टेम्पोत खुर्च्या, बाजूला धोतर सावरत उभा असलेला शेतकरी आणि तोंड लपवणारे दोन कर्मचारी. वाचणारा हसतो आणि पान उलटतो. पण त्या फोटोपर्यंत पोचायला किती वर्षं लागतात, हे नाझराला विचारा.

सरकार धरणासाठी, कालव्यासाठी, रस्त्यासाठी जमीन घेतं. भूसंपादन अधिकारी निवाडा करतो आणि भाव ठरवतो. तो भाव ठरवताना अधिकाऱ्याची लेखणी जितकी काटकसर करते, तितकी मंत्रालयात दुसरी कुठलीच लेखणी करत नसावी. शेतकरी म्हणतो, भाव कमी आहे. १८९४ च्या जुन्या कायद्यात कलम १८ खाली प्रकरण दिवाणी न्यायालयात येतं. तारखा पडतात. शेवटी न्यायाधीश भाव वाढवून देतात, तोच हुकूमनामा. सरकार अपील करायचं ठरवतं आणि अपिलाची मुदत संपल्यावर ते ठरवतं. वरचं न्यायालय म्हणतं, स्थगिती हवी तर रक्कम भरा. रक्कम भरली जात नाही. मग शेतकरी वसुलीची दरखास्त दाखल करतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८२ सरकारला सवलत देतं, हुकूमनाम्यानंतर तीन महिने कुणी हात लावायचा नाही. तीन महिने जातात, तीन वर्षं जातात. मग एक दिवस जप्तीचं वॉरंट निघतं आणि आमचा बेलिफ सायकल काढतो.

कार्यालयात साहेब दौऱ्यावर असतात. मोठे बाबू चहा मागवतात आणि सांगतात, “निधीची मागणी वर केली आहे.” हे ‘वर’ नेमकं कुठं असतं, ते मला सेवेत असेपर्यंत कळलं नाही. तालुक्याचं वर जिल्ह्यात, जिल्ह्याचं वर महामंडळात, महामंडळाचं वर मंत्रालयात, आणि मंत्रालयातल्या फाइलीवर लिहिलेलं असतं, ‘खालून अहवाल मागवावा’. तेव्हा बेलिफ खुर्च्या मोजतो. एका खुर्चीचा पाय तुटलेला, एक पंखा फिरत नाही, संगणकाला कळफलक नाही. लाखोंच्या हुकूमनाम्यापुढे भंगाराच्या भावाचा माल. आणि तो वाहून न्यायला टेम्पोचं भाडं शेतकऱ्याच्याच खिशातून आधी निघतं. ज्याचे पैसे बुडाले, त्यानंच बुडवणाऱ्याचं फर्निचर हलवायचा खर्च करायचा, असा हा व्यवहार.

आता संदर्भ क्रमांक एक काढा. संविधानाच्या अनुच्छेद २०२ मध्ये राज्याच्या एकत्रित निधीवर कुठला खर्च ‘भारित’ असेल, त्याची यादी आहे. त्यात राज्यपालांचं वेतन आहे, अध्यक्ष-सभापतींचं वेतन आहे, राज्याच्या कर्जावरचं व्याज आहे, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं वेतन आहे. आणि त्याच रांगेत, त्याच पाटावर, उपखंड (ङ) बसला आहे : न्यायालयाचा निर्णय, हुकूमनामा किंवा लवादाचा निवाडा भागवायला लागणारी रक्कम. या खर्चावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. म्हणजे घटनाकारांनी लिहून ठेवलं की हुकूमनाम्याचे पैसे द्यायचे की नाही, हा प्रश्न आमदारांनाही विचारायचा नाही. ते द्यायचेच.

देवाभाऊ, राज्यपालांचा पगार कधी थकलेला आठवतो का? राजभवनातल्या झुंबरावर बेलिफानं कधी चिठ्ठी चिकटवली? रोखेधारकांचं व्याज देताना वित्त विभागानं ‘निधीची मागणी वर केली आहे’ असं कधी कळवलं? नाही. मग त्याच अनुच्छेदात, त्याच रांगेत बसलेल्या शेतकऱ्याचं ताटच तेवढं रिकामं का राहतं? तुम्ही २०२० मध्ये अर्थसंकल्प सोप्या भाषेत समजावणारं पुस्तक लिहिलंत. ‘भारित’ आणि मतदानानं मंजूर होणारा ‘दत्तमत’ खर्च यांतला फरक तुमच्याइतका नीट जाणणारा मुख्यमंत्री महाराष्ट्राला क्वचितच मिळाला असेल. म्हणून तर हे पत्र तुम्हाला. न कळणाऱ्याला लिहून उपयोग नसतो.

आता हिशोब करू, कारण तुम्ही हिशोबाचे भोक्ते आहात. जुन्या भूसंपादन कायद्यात वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज आहे. २०१३ च्या नव्या कायद्यातही रक्कम न देता ताबा घेतला तर हेच दर आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २००१ मध्ये ‘सुंदर’ खटल्यात सांगून टाकलं की सक्तीनं जमीन घेतल्याबद्दलच्या दिलासा रकमेवरही हे व्याज द्यावं लागेल. समजा, वाढीव मोबदला १० लाख ठरला आणि सरकारनं तो १२ वर्षं दिला नाही. पहिल्या वर्षाचे ९० हजार, उरलेल्या ११ वर्षांचे साडेसोळा लाख. एकूण व्याज १७ लाख ४० हजार. देणं झालं २७ लाख ४० हजार.

हेच १० लाख सरकारनं पहिल्याच दिवशी बाजारातून कर्ज काढून देऊन टाकले असते तर? राज्य सरकारला अलीकडे रोख्यांवर सात-साडेसात टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळतं. साडेसात टक्क्यांनी, चक्रवाढीनं धरलं तरी १२ वर्षांचं व्याज १४ लाखांच्या आत बसतं. याचा अर्थ असा की सरकारचं सर्वांत महागडं कर्ज जागतिक बँकेचं नाही, हुडकोचं नाही, रोख्यांचंही नाही. ते आहे शेतकऱ्याचं, आणि त्यानं ते राजीखुशीनं दिलेलंच नाही. एखाद्या सावकारानं असा व्यवहार केला असता तर तुम्ही त्याच्यावर सावकारी नियमन कायद्याखाली गुन्हा नोंदवला असता. इथं मात्र सरकार स्वतःच्याच गळ्याभोवती सावकारी फास आवळतं आणि त्याला ‘निधीची काटकसर’ म्हणतं.

आता वळतो ऑगस्ट २०२४ कडे. त्या महिन्याचं कॅलेंडर तुम्ही जपून ठेवायला हवं होतं. ५ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं महिलांना दरमहा पैसे देणाऱ्या ‘लाडकी बहीण’ योजनेविरुद्धची एका सनदी लेखापालाची जनहित याचिका फेटाळली. पैसा कुठं खर्च करायचा हा धोरणाचा प्रश्न आहे, त्यात न्यायालय पडणार नाही, असा त्याचा आशय. दोन दिवसांनी, ७ ऑगस्टला, मंत्रिमंडळानं वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली : ८७ हजार ३४२ कोटी रुपये, सव्वाचारशे किलोमीटरहून लांब कालवा, आमच्या गोसीखुर्दपासून थेट बुलढाण्यापर्यंत. आणि १३ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात पुण्यातल्या पाषाणच्या एका जमिनीचं प्रकरण निघालं. ती जमीन सरकारनं १९६३ मध्ये ताब्यात घेतली होती आणि मोबदल्याचा घोळ साठ वर्षांनंतरही मिटला नव्हता. सरकार ३७ कोटी ४२ लाख देऊ म्हणत होतं. न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठानं विचारलं की योजनांना पैसे आहेत आणि ज्याची जमीन घेतली त्याला द्यायला नाहीत, हे कसं? मोबदला दिला नाही तर ‘लाडकी बहीण’ थांबवायला सांगू, असा इशाराही दिला. १७ ऑगस्टला पुण्यातच, बालेवाडीत, त्या योजनेचा थाटामाटात शुभारंभ झाला. पुढे पाषाणच्या प्रकरणात पर्यायी जमीन द्यायला सरकार तयार झालं.

तेरा दिवसांत दोन न्यायालयं, एक मंत्रिमंडळ आणि एक सोहळा. नाटककाराला यापेक्षा नेटकं कथानक सुचलं नसतं. पण माझ्या मनात राहिली ती धमकी. देणं सरकारचं, दिरंगाई सरकारची आणि पैसे थांबणार बहिणीचे! वरठीतल्या ज्या बाईच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये पडतात, तिनं पाषाणची जमीन पाहिलेली नाही. ती बाई त्यातून पोराची फी भरते, गॅसची टाकी आणते, कधी दवाखाना करते. तिच्या तोंडचा घास काढून न्याय होणार असेल, तर तो न्याय नाझराच्या वहीत कुठल्या सदरात लिहायचा? म्हणून माझ्या पत्राचा अर्थ ‘योजना बंद करा’ असा कुणी काढू नये. योजनेत १४ हजार २९८ पुरुष ‘बहिणी’ म्हणून पैसे घेत होते, हे २०२५ मध्ये बाहेर आलं. त्यांच्याकडून ते परत घ्या, एवढंच. त्यासाठी जप्ती लागली तर मी निवृत्त आहे, वेळ आहे, बेलिफाबरोबर येईन.

मुद्दा असा की दानाचा आणि देण्याचा खिसा वेगळा ठेवावा. गावातला किराणा दुकानदारही ज्याची उधारी थकली आहे त्याला आमच्या सप्त्याच्या भंडाऱ्यात पुढं बसू देत नाही. सरकार मात्र उधारी ठेवून भंडारा घालतं, वरून पंगतीत स्वतःच्या फोटोचे फलक लावतं.

आता आमच्या दारातल्या गोष्टीकडे. गोसीखुर्द. पवनी तालुक्यातलं, वैनगंगेवरचं. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. मूळ अंदाज ३७२ कोटी २२ लाखांचा. १९९९ मध्ये तो २,०९१ कोटी झाला, २००८ मध्ये ७,७७७ कोटी, पुढे १८,४९४ कोटी आणि २०२५ मध्ये तुमच्या मंत्रिमंडळानं सुधारित मान्यता दिली २५,९७२ कोटींना. मूळ आकड्याच्या जवळपास सत्तरपट. अडीच लाख हेक्टरला पाणी मिळणार होतं. भूमिपूजनाच्या दिवशी जन्मलेला मुलगा आज स्वतःच्या मुलाला शाळेत सोडायला जातो आणि कालव्याच्या वितरिकांचं काम अजून ‘प्रगतिपथावर’ आहे. या प्रगतिपथाला शेवट नाही. टोल असता तर एव्हाना खर्च वसूल झाला असता.

बुडालेल्या गावांसाठी २०१३ मध्ये सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज आलं. ते आंदोलनं केल्यावर आलं, हे विसरता येत नाही. आता त्याच जलाशयावर शंभर कोटींच्या घरातला जलपर्यटन प्रकल्प आहे. कल्पना चांगली आहे. पर्यटक बोटीतून फिरतील आणि मार्गदर्शक सांगेल : इथं खाली शाळा होती, तिथं देऊळ, आणि हे आजोबा काठावर बसलेत ना, त्यांची दरखास्त अजून प्रलंबित आहे. वारसा पर्यटन यालाच म्हणत असावेत.

या धरणाची आणि तुमची ओळख जुनी आहे. तुम्ही विरोधी बाकावर होता, तेव्हा सिंचन घोटाळ्यावर तुमचा आवाज सभागृहात घुमायचा. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून दिसलं होतं की दहा वर्षांत सिंचनावर ७० हजार कोटी ओतले आणि सिंचित क्षेत्राची टक्केवारी ०.१ नं हलली. २०१३ मध्ये तुम्ही आणि तुमचे सहकारी सिंचन प्रकल्पांच्या चौकशीसाठी नेमलेल्या चितळे समितीकडे बैलगाडीतून पुरावे घेऊन गेलात. आमच्याकडे त्या बैलगाडीची फार चर्चा झाली. मुख्यमंत्री झाल्यावर २०१४ मध्ये तुम्ही लाचलुचपत प्रतिबंधक खात्याची चौकशीही लावलीत. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात ‘जनमंच’ या संस्थेची याचिका चालू होतीच. मग २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे तुमचा शपथविधी झाला आणि २५ तारखेला खात्यानं विदर्भ सिंचन महामंडळाच्या नऊ चौकश्या बंद केल्याचा कागद निघाला. त्या चौकश्यांचा तुमच्याबरोबर शपथ घेतलेल्या, पूर्वी सिंचन खातं सांभाळलेल्या उपमुख्यमंत्र्यांशी संबंध नव्हता, असा खुलासा खात्यानं लगेच केला. खुलासा मी मान्य करतो. मला फक्त त्या वेगाचं कौतुक आहे. सरकारी कागद इतक्या चपळाईनं हललेला मी तरी दुसरा पाहिला नाही. तोच कारकून, तोच शिक्का, तीच शाई मोबदल्याच्या फाइलीला मिळाली असती, तर नाझर कचेरीला कुलूप लावावं लागलं असतं. बैलगाडीतले पुरावे कुठं पोचले, तेही कधी कळवा. बैल बिचारे थकले असतील.

तुम्ही म्हणाल, पैसा कुठून आणायचा? २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा, महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटींची, डोक्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या वर. मान्य. पण मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडून जूनअखेर ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, डिसेंबरात नागपुरात आणखी ७५ हजार कोटींच्या आल्या. इतक्या पुरवण्या जोडणाऱ्या विद्यार्थ्याला मूळ उत्तरपत्रिकेतच नीट लिहायला काय झालं होतं, असं परीक्षक विचारतो. आणि या सगळ्या पुरवण्यांत हुकूमनाम्यांचं थकीत देणं एकूण किती, हा आकडा सामान्य माणसाला सापडेल अशा जागी छापलेला नसतो. जो आकडा दिसत नाही, तो वाढत राहतो. १५ टक्क्यांनी.

हे देणं वाढण्याचं दुसरं कारण अपिलांचं. एप्रिल २०२२ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश रमणा यांनी पंतप्रधान आणि सगळ्या मुख्यमंत्र्यांसमोर सांगितलं होतं की देशातल्या न्यायालयांत सर्वांत मोठा पक्षकार सरकारच आहे, निम्म्याच्या आसपास खटल्यांत. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेश सरकारचं ६६३ दिवस उशिरा आलेलं एक अपील फेटाळलं आणि २५ हजारांचा दंड ठोठावला. न्यायालयानं अशा अपिलांना ‘प्रमाणपत्राचे खटले’ म्हटलं. जिंकायला नव्हे, तर ‘आम्ही वरपर्यंत गेलो, वरच्यांनी फेटाळलं, आता आमचा दोष नाही’ असं प्रमाणपत्र मिळवायला ते दाखल होतात. नाझर कचेरीतल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. अधिकाऱ्याला भीती असते की पैसे दिले तर लेखापरीक्षक विचारतील ‘का दिले?’ आणि न दिल्यानं व्याज वाढलं तर कुणीच विचारत नाही ‘का नाही दिले?’ या एका भीतीचं भाडं महाराष्ट्र दरवर्षी भरतो.

आणि आता नव्या जमिनी घ्यायच्या आहेत. शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी जून २०२५ मध्ये २० हजार ७८७ कोटींना मंजुरी झाली. आमच्याकडे नागपूर-गोंदिया द्रुतगती महामार्ग येऊ घातला आहे. पुन्हा मोजणी, पुन्हा निवाडे, पुन्हा संदर्भ अर्ज. आजच हात आवरला नाही, तर २०४० सालचा बेलिफ आजच्या निवाड्यांच्या दरखास्ती घेऊन फिरत असेल आणि तेव्हाचे मुख्यमंत्री आधीच्या सरकारांना दोष देतील. आधीच्या सरकारांत तेव्हा तुम्हीही असाल.

तुम्हाला मार्ग ठाऊक आहे, हे मी पुराव्यानिशी सांगू शकतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तिथं तुमच्याच सरकारनं थेट खरेदीचा रस्ता धरला. शिवाराच्या भावाच्या कितीतरी पट मोबदला दिला, खरेदीखत झालं की पैसे खात्यात. वाद तिथंही झाले, पण रस्ता झाला. म्हणजे सरकारला घाई असली की मोबदला आधी पोचतो. गोसीखुर्दवाल्यांचं दुर्दैव एवढंच की त्यांची जमीन आधी बुडाली आणि मग मोबदल्याची आठवण झाली. बुडालेल्या माणसाची घाई कुणाला नसते.

तुमच्या काळात योजनेला नाव असल्याशिवाय निधी मिळत नाही, असं दिसतं. म्हणून नावासकट प्रस्ताव सादर करतो : ‘मुख्यमंत्री माझा लाडका हुकूमनामा योजना’. पात्रता : अर्जदाराकडे सरकारविरुद्धचा अंतिम हुकूमनामा असावा आणि सरकारनं तो किमान पाच वर्षं दुर्लक्षिलेला असावा. अर्जदार हयात असावा. ही अट अनेकांना पाळता येणार नाही, म्हणून वारसांना सवलत द्यावी. ई-केवायसी सरकारची करावी, शेतकऱ्याची नको, कारण शेतकरी इतकी वर्षं एकाच पत्त्यावर बसून आहे. सरकारच तीनदा बदललं. फलकावर तुमचा फोटो चालेल. हुकूमनाम्याची प्रत मात्र त्यापेक्षा मोठी छापावी.

नावाची गंमत सोडा. मागण्या गंभीर आहेत आणि त्या पाचच आहेत.

एक. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत दरवर्षी एक पान छापा : राज्यभर थकलेले हुकूमनामे किती, मुद्दल किती, व्याज किती, कुठल्या विभागाचं आणि कुठल्या जिल्ह्यातलं. जिल्हा न्यायालयांच्या दरखास्तींच्या नोंदवहीत हे सगळं आहे. मागवा.

दोन. अपील करायचं असेल तर करा. पण ज्या रकमेबद्दल वाद नाही, ती तीन महिन्यांत न्यायालयात भरा. व्याजाचं चाक तिथंच थांबतं.

तीन. मुदतीबाहेर अपील करण्याचा सल्ला ज्यानं दिला आणि ज्यानं सही केली, त्यांची नावं फाइलीवर ठळक ठेवा. अपील फेटाळलं गेलं तर त्या काळातल्या व्याजाचा हिशोब त्यांच्या गोपनीय अहवालात लिहा. तुम्ही विधी व न्याय मंत्री आहात. याची सुरुवात तुमच्याच खात्यातून होऊ शकते.

चार. नव्या महाप्रकल्पाचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे आला की त्याच टिपणीत त्या खात्याचे जुने थकलेले हुकूमनामे लिहिणं सक्तीचं करा. नळगंगेकडे पाणी नेण्याआधी गोसीखुर्दच्या किती दरखास्ती प्रलंबित आहेत, हे वाचूनच हात वर करायला मंत्र्यांना लावा.

पाच. भारित खर्चाला भारित खर्चासारखंच वागवा. राज्यपालांच्या वेतनाचा निधी ज्या दिवशी वर्ग होतो, त्याच दिवशी हुकूमनाम्यांचा पहिला हप्ताही वर्ग करा. संविधानानं दोघांना शेजारी बसवलं आहे. तुम्ही त्यांना वेगळ्या पंगतीत बसवू नका.

यात नवा कर नाही, नवं महामंडळ नाही, परदेश दौरा नाही. म्हणून हा प्रस्ताव आकर्षक वाटणार नाही, याची मला कल्पना आहे. याच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही. पण खर्चाचा फेरविचार करायची भाषा सगळेच करतात आणि कात्री चालते ती शिवभोजनाच्या थाळीवर, आनंदाच्या शिध्यावर, धानाच्या बोनसवर. दिरंगाईच्या व्याजावर ती कधी चालली नाही. राज्यात कापण्यासारखा एकच खर्च असा आहे की तो कापला तर कुणाचंही पोट दुखणार नाही, आणि तो नेमका हाच आहे.

देवाभाऊ, तुम्ही कायदा शिकलात, अर्थसंकल्पावर पुस्तक लिहिलंत, विरोधात असताना या जिल्ह्याच्या धरणासाठी भांडलात आणि आज विधी खातंही तुमच्याकडेच आहे. या कामासाठी याहून योग्य माणूस मला शोधून सापडणार नाही. म्हणून पुढचा अर्थसंकल्प मांडला जाईल, तेव्हा त्यात थकलेल्या हुकूमनाम्यांचं ते एक पान असू द्या. ते पान नसेल, तर भंडाऱ्याच्या शेतकऱ्यांना माझा सल्ला राहील की त्यांनी दरखास्ती मागं घेऊ नयेत, टेम्पोवाल्याशी मात्र वर्षाचा करार करून ठेवावा.

आपला,
दिवाणी न्यायालयाच्या नाझर कचेरीतला एक निवृत्त कर्मचारी,
वरठी, ता. मोहाडी, जि. भंडारा.